वावडं कशाचं, ते आधी शोधू या

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत घरोघरी दसरा काढतात. माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंतींची जळमटं निघतात, गोधड्या, वाकळा, चादरी धुऊन दिवसभर उन्हात पडतात. या कामात घरातल्या एखादीच्या नाकाला पदर असतोच. पहिली गोधडी झटकली की तिला सटासट आठ-दहा शिंका येतात, डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते. संध्याकाळपर्यंत नाक असं चोंदतं की रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो. घरचे म्हणतात, 'हिला धुळीची ॲलर्जी आहे.' मग एक गोळी येते, झोप येते, आणि विषय संपतो. पण त्या धुळीत नेमकं होतं काय, हे कुणी विचारत नाही.

ॲलर्जी हा शब्द आता मराठीत पुरता रुळला आहे. नाक गळतंय, ॲलर्जी. अंगावर पुरळ आलं, ॲलर्जी. महिनाभर खोकला हटत नाही, तीही ॲलर्जीच. आपल्याकडचा जुना शब्द याहून नेमका आहे: वावडं. वावडं नुसतं कधीच नसतं. ते वांग्याचं असतं, कोळंबीचं असतं, एखाद्या गोळीचं असतं. 'कशाचं?' हा प्रश्न त्या शब्दाला व्याकरणानेच चिकटलेला आहे. ॲलर्जीवरचं सव्वाशे वर्षांचं संशोधन पाहिलं तर तेही याच प्रश्नाभोवती फिरतं. कशाचं ते सापडलं की अर्धा आजार आटोक्यात येतो. ते न शोधता घेतलेली औषधं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषधी द्रव्य काही मुलांना दुसऱ्यांदा टोचलं की त्रास पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याच्या चार वर्षं आधी फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए समुद्रफूल या सागरी प्राण्याच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर करत होते. पहिला डोस पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडी मात्रा दिली, तर तो काही मिनिटांत कोसळून मेला. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. दोन्हीकडे सूत्र एकच होतं. पहिल्या भेटीत शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाही शत्रू म्हणून नोंदवून ठेवतं आणि पुढच्या भेटीत त्याच्यावर तुटून पडतं. 'इतकी वर्षं खात आलो, आताच कसं बाधलं?' असं दवाखान्यात हमखास विचारलं जातं. त्याचं उत्तर यातच आहे. आधीच्या ओळखीशिवाय ॲलर्जी होत नाही.

ही ओळख शरीरात दोन तऱ्हांनी साठते आणि दोन्हींची घड्याळं वेगळी चालतात. पहिली तऱ्हा आयजीई नावाच्या प्रतिद्रव्याची. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दाम्पत्याने आणि त्याच काळात स्वीडनच्या संशोधकांनी ते शोधलं. नाक, त्वचा, श्वासनलिका आणि आतड्यांतल्या मास्ट पेशींवर हे आयजीई बसलेलं असतं. ओळखीचा पदार्थ आला की पेशी फुटल्यासारखी हिस्टामिन ओतते आणि काही मिनिटांत शिंका, खाज, गांधी सुरू होतात. दुसऱ्या तऱ्हेत रक्तातल्या टी पेशी सावकाश जमा होतात आणि त्वचा एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखी लाल होऊन पाणावते. म्हणून त्रास सुरू झाला की सर्वात आधी विचारायचं ते 'किती वेळाने?' मिनिटांत उठलं असेल तर एका दिशेने शोध घ्यायचा, दोन दिवसांनी उठलं असेल तर दुसऱ्या.

नाकापासून सुरुवात करू. दसरा काढणाऱ्या बाईला ज्याने शिंका आणल्या, तो मातीचा कण क्वचितच असतो. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी घरातल्या धुळीतला खरा गुन्हेगार पकडला. तो म्हणजे धुळीतला माइट, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आठ पायांचा जीव. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, आणि त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी आपलं नाक खवळतं. पाणी तो पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. मुंबई आणि कोकणातल्या दमट घरांतल्या गाद्या-उशा म्हणूनच त्याला मानवतात.

या दृष्टीने दसरा काढण्याची चाल फार शहाणी आहे. धुण्याने विष्ठेतली प्रथिनं निघून जातात आणि कडक उन्हात ओलावा आटतो. माइट मारायचा असेल तर मात्र पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअस गरम हवं, आणि हे काम वर्षातून एकदा करून भागत नाही. उशीचे अभ्रे आणि पलंगपोस दर आठवड्याला धुवावेत, गादी-उशीला घट्ट विणीचं, चेनवालं कव्हर घालावं, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. आणि झटकण्याचं काम घरातल्या त्या शिंकणाऱ्या माणसाकडे देऊ नये. इतकी साधी गोष्ट, पण बहुतेक घरांत ती त्याच बाईच्या वाट्याला येते.

परागकणांचा हंगाम आपल्याकडे पावसाळा सरताना आणि त्यानंतर असतो. माळरान, रस्त्याच्या कडा, पडीक शेतं गवताने भरतात आणि वाऱ्याने पराग उडतात. याच दिवसांत शहरांतली सप्तपर्णी फुलते. तिचा वास उग्र, त्यामुळे सगळा ठपका तिच्यावर येतो. त्या वासाने हळवं नाक चाळवतं हे खरं, पण कीटकांवर अवलंबून असलेल्या फुलांचे पराग सहसा जड आणि चिकट असतात. दूरवर उडून नाकात जाणारे पराग मुख्यतः गवतांचे आणि वाऱ्याच्या भरवशावर राहणाऱ्या झाडाझुडपांचे. फूल दिसत नाही, वास येत नाही, म्हणून त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही.

महाराष्ट्राच्या ॲलर्जीच्या इतिहासात एका वनस्पतीला वेगळं प्रकरण द्यावं लागेल. काँग्रेस गवत, कुणी त्याला गाजर गवत म्हणतात. मूळ अमेरिका खंडातलं हे तण अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर देशात पसरलं असं मानलं जातं. त्याची शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये पुण्यातून झाली. पुढच्या वीस वर्षांत ते रेल्वेच्या कडांनी, बांधांनी, मोकळ्या प्लॉटांनी देशभर गेलं आणि सत्तरच्या दशकात पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ एका नव्याच आजाराचे रुग्ण तपासू लागले. शेतात राबणारी माणसं. पापण्या, मान, कोपराची खळ, गुडघ्यामागची खळ लाल, जाड, भेगाळलेली. हात न लावताही त्रास, कारण वाळलेल्या गवताचा चुरा हवेतून उडून घामाच्या घड्यांत बसतो. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य दुसऱ्या, सावकाश घड्याळाची ॲलर्जी घडवतं. त्वचा कातड्यासारखी होईपर्यंत कित्येकांना कारण कळत नाही, आणि कळलं तरी शेत सोडून जाणार कुठे? हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे १९८० च्या दशकात मुद्दाम आणून सोडले गेले. त्यांनी काही ठिकाणी चांगलं काम केलं, पण गवत आजही आहे. फुलावर येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून ते मुळासकट उपटणं हाच खात्रीचा मार्ग. ज्याला या गवताची बाधा आहे त्याने मात्र त्या कामाला जाऊ नये. त्याच कुळातल्या शेवंतीनेही त्याची त्वचा बिघडू शकते, फुलं विकणाऱ्या आणि हार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

याच सावकाश घड्याळाचं आणखी जुनं उदाहरण मराठी घरांत आहे, त्याला क्रियापदही आहे: बिब्बा उततो. बिब्ब्याच्या तेलाने त्वचेवर फोड येतात, काहींना इतके की अंग सुजतं. बिब्बा, काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक ही सगळी एकाच कुळातली भावंडं. म्हणून काजू फोडणाऱ्या कोकणातल्या बायकांचे हात सोलतात आणि देठाशी तोंड लावून आंबा चोखणाऱ्या मुलाच्या ओठांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. आंबा धुऊन, देठाकडचा भाग कापून दिला की बहुतेक वेळा भागतं. नकली दागिन्यांतलं निकेल, टिकलीमागचा गोंद, केसांच्या कलपातलं आणि 'काळ्या मेंदी'तलं पीपीडी हे रसायन, सिमेंटमधलं क्रोमेट यांचं गणितही हेच. पुरळाची जागा पाहिली तर निम्मा तपास होतो. कानाच्या पाळीवर असेल तर कानातलं, बेंबीखाली असेल तर जीन्सचं बटण, कपाळाच्या मध्यावर असेल तर टिकली.

फुप्फुसांचं प्रकरण वेगळं आणि गंभीर. कबुतरांच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं महिनोन्‌महिने श्वासातून गेली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येऊन ती हळूहळू ताठर होतात. त्यात शिंका नसतात. असतो तो कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप, म्हणून कुणाला ॲलर्जीची शंका येत नाही. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मोठा वाद पेटला. पक्ष्यांवर दया करणाऱ्यांच्या भावनेचा मान राखूनही सांगायला हवं की एकदा ताठर झालेली फुप्फुसं परत मऊ होत नाहीत. साखर कारखान्यांत बुरशी लागलेल्या उसाच्या चोथ्यानेही असाच आजार होतो.

आता खाण्याकडे वळू, कारण सर्वात जास्त गैरसमज तिथे आहेत. ज्याला लोक खाण्याची ॲलर्जी म्हणतात, त्यातलं पुष्कळसं ॲलर्जी नसतंच. अळूने घसा खाजतो तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून तर अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल पडतं. दुधाने पोट फुगतं ते बहुधा दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडल्याने. वांग्यात मुळातच हिस्टामिन असतं, त्यामुळे जिभेला खाज येऊ शकते. आणि बर्फाविना राहिलेला बांगडा खाऊन पंगतीतल्या चार-पाच जणांची तोंडं एकदम लाल झाली, डोकी ठणकू लागली, तर ते माशाचं वावडं नव्हे. माशातच हिस्टामिन साचलेलं असतं. शिजवल्यावरही ते जात नाही. एकाच वेळी अनेकांना होतं, हीच त्याची खूण.

खरी ॲलर्जी एकट्याला गाठते, थोड्याशा घासानेही गाठते आणि दर वेळी गाठते. लहान मुलांत दूध आणि अंडं पुढे असतात, बहुतेक मुलं त्यातून वाढत्या वयात बाहेर पडतात. शेंगदाणा, काजू-अक्रोड, कोळंबी, चिंबोरी यांची ॲलर्जी सहसा मुक्काम करते. कोळंबीतलं मुख्य प्रथिन उकळूनही टिकतं, आणि धुळीतल्या माइटच्या आणि झुरळाच्या प्रथिनाशी त्याचं साम्य आहे. धुळीने बेजार असलेल्या एखाद्याला कोळंबीही बाधते ती त्यामुळे.

शेंगदाण्याबद्दलचा जुना सल्ला तर पुरता उलटला. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत दाणे देऊ नका, असं पाश्चात्त्य देशांत सांगितलं जाई. इस्राएलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी दहापट दिसली, तेव्हा संशोधक गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शंका आली, कारण इस्राएलची बाळं शेंगदाण्याचे कुरकुरे लवकर खातात. ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांवर त्यांनी प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले: लवकर दाणे दिलेल्या गटात पाचव्या वर्षी ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. अर्थात बाळाला द्यायचं ते दाण्याचं मऊ, पातळ वाटण. अख्खा दाणा घशात अडकतो. ज्या बाळाला आधीपासून जबर इसब आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच.

मग तपासणी करून घ्यावी का? इथे शहरांत एक धंदा फोफावला आहे: रक्ताच्या एका नमुन्यावर दोनशे पदार्थांची यादी. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत २६ टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नपदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं. प्रत्यक्षात त्या अन्नाने बहुधा खरी ॲलर्जी होणारे निघाले जेमतेम १.२ टक्के. म्हणजे कागदावर 'पॉझिटिव्ह' आलेल्यांतल्या बहुसंख्यांना ते पदार्थ खुशाल पचत होते. आयजीजी हे दुसरं प्रतिद्रव्य मोजून पथ्य सांगणाऱ्या तपासण्या तर त्याहून फसव्या. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, एवढीच साक्ष. असले अहवाल हातात घेऊन गहू, दूध, डाळी, अंडी सगळं तोडलेली रोडावलेली मुलं दिसतात, तेव्हा राग येतो. आधी हकिगत, मग संशयित ठरवणं, आणि त्या संशयितापुरतीच त्वचेवरची टोचून केलेली किंवा रक्ताची तपासणी, हा क्रम आहे. सावकाश घड्याळाच्या पुरळासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन आणि चार दिवसांनी पाहतात.

अंगावर पित्त उठणं हाही असाच चकवा. गांधी उठल्या की घरात आमसुलाचं पाणी लावतात. गार पाण्याने खाज शमते, त्याला हरकत नाही. पण 'पित्त' म्हणून आम्लपित्ताची औषधं घेण्यात अर्थ नाही. एका गांधीभोवती पेनाने वर्तुळ काढून पाहावं. ती चोवीस तासांच्या आत डाग न ठेवता विरली आणि दुसरीकडे नवी उठली, तर ते शीतपित्त. दुखलं, निळसर डाग राहिला, तर डॉक्टरांना दाखवावं. मुलांत शीतपित्त बऱ्याचदा साध्या विषाणूच्या तापानंतर येतं. सहा आठवड्यांहून जास्त टिकलं तर बाहेरचा पदार्थ सहसा दोषी नसतो, शरीराची स्वतःचीच यंत्रणा बिघडलेली असते. तिथे वर्षभर वांगी-अंडी सोडून हाती काही लागत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी मात्र ते भडकू शकतं.

उपचारांत आपल्याकडे गोळीवर भर फार आणि नाकातल्या फवाऱ्याची भीती फार. जुन्या पिढीच्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी झोप येते, गाडी चालवणाऱ्याला आणि परीक्षेच्या मुलाला त्या घातक. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नंतरच्या गोळ्या बऱ्या, त्यातही सेटिरिझिनने काहींना गुंगी येते. त्या शिंका आणि खाज थांबवतात, पण चोंदलेलं नाक त्यांना फारसं जुमानत नाही. तिथे स्टिरॉइडचा नाकातला फवारा सर्वात गुणकारी. स्टिरॉइड हा शब्द ऐकून लोक दचकतात, पण यात मात्रा सूक्ष्म असते आणि काम जागेवरच होतं. तो नीट मारावा लागतो. मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, फवाऱ्याचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, आणि जोरात हुंगायचं नाही. पडद्यावर मारला की रक्त येतं आणि लोक औषधच सोडतात. गुण दिसायला काही दिवस ते दोन आठवडे जातात. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत, त्यांच्या सवयीनेच नाक बंद राहू लागतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती, खरोखर उपयोगी आहे. पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं कच्चं नको.

लेव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्ट यांची जोडगोळी आपल्याकडे सर्दीच्या गोळीसारखी खपते. माँटेलुकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य येऊ शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. विशेषतः मुलांना ती आपल्या मनाने देऊ नये. छातीत घरघर असेल तर तो दमा, आणि त्याला इन्हेलरच लागतो. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असल्याचा अंदाज आहे, पण दम्याच्या मृत्यूंत भारताचा वाटा ४२ टक्क्यांच्या आसपास धरला जातो. इन्हेलरला 'शेवटचा उपाय' समजणं आपल्याला किती महागात पडतं, ते यावरून कळावं.

वाढत्या ॲलर्जीवर मुळाशी जाणारा उपाय एकच: ज्याचं वावडं त्याचीच अत्यल्प मात्रा वाढवत नेऊन शरीराला सवय लावणं. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये तो गवताच्या परागांवर करून दाखवला. धुळीतल्या माइटसाठी, परागांसाठी आणि विशेषतः मधमाशीच्या दंशासाठी तो लागू पडतो. तीन ते पाच वर्षं चिकाटीने घ्यावा लागतो, आणि इंजेक्शन आपत्कालीन सोय असलेल्या दवाखान्यातच घ्यावं.

या सगळ्यात घाईचा प्रसंग एकच. खाल्ल्यावर, डंखानंतर किंवा इंजेक्शननंतर काही मिनिटांत गांधींबरोबर आवाज बसला, धाप लागली, उलट्या झाल्या, चक्कर येऊन माणूस पांढरा पडला, तर हिस्टामिनविरोधी गोळी देऊन वाट पाहत बसू नये. त्या वेळी जीव वाचवतं ते ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात रुग्ण स्वतःच टोचून घेऊ शकेल असं पेन खिशात बाळगतात. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही, पण ॲड्रेनलिनची स्वस्त कुपी दवाखान्यांत असते. रुग्णाला आडवं करावं, पाय उंच ठेवावेत, धाप असेल तरच टेकून बसवावं, उभं करून चालवू नये, आणि १०८ ला फोन करून जवळच्या दवाखान्यात न्यावं. पोहोचताच 'काय खाल्लं, किती वेळ झाला' हे आधी सांगावं.

आणि एरवी, शिंका असोत की पुरळ, एक साधी वही घरात ठेवावी. तारीख, वेळ, त्याआधीच्या दोन तासांत काय खाल्लं, कुठे होतो, कुठलं औषध घेतलं, पुरळ अंगावर नेमकं कुठे आलं, आणि दोन दिवस आधी नवं काय लावलं किंवा घातलं. महिनाभराची अशी नोंद डॉक्टरांपुढे ठेवा. दोनशे पदार्थांच्या अहवालापेक्षा ती त्यांच्या जास्त कामाची असते, आणि तिला एका वहीपलीकडे खर्च नाही.